तेल सरले की वात जळते

गेल्या वर्षीची गोष्ट. कोजागरी होऊन चार दिवस झाले होते. पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर पडलेले होते आणि दिवाळीच्या सुटीची मुले बोटांवर मोजणी करीत होती. शाळा सुटल्यावर आमच्या खोलीच्या दारात शाळेतील एक तरुण बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात चौघडी घातलेला कागद.

"सर, एवढी सही हवी होती."

कागद उघडला. राजीनाम्याचा अर्ज. बाईंच्या नोकरीस पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. विद्यासहायक म्हणून ठरावीक वेतनावर लागलेल्या, अभ्यासात पहिल्या, गोड गळ्याच्या. बालसभेत त्यांनी गाणे धरले की शेजारच्या वर्गातील मुले खिडकीशी येत. आम्ही कारण विचारले.

"अर्जात घरगुती अडचण असे लिहिले आहे. पण तुमच्यापाशी खोटे कशाला बोलू? सकाळी शाळेचे फाटक दिसले की पाय जड होतात. मुलांचा राग येतो. परवा एका पोरीने काही दाखवायला माझी ओढणी ओढली, तर मी तिचा हात झटकून टाकला. ती रडली, आणि मला काहीच वाटले नाही, सर. मी अशी नव्हते."

आम्ही अर्ज ठेवून घेतला, सही केली नाही. "दिवाळीनंतर बोलू," एवढेच म्हणालो. बाई गेल्या. आम्ही मात्र पुष्कळ वेळ तसेच बसून राहिलो, कारण "मी अशी नव्हते" हे वाक्य आम्ही प्रथमच ऐकत नव्हतो. वाचकहो, त्या वाक्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातील मूल कोणत्या ना कोणत्या शिक्षकाच्या हाती आहे, आणि पुष्कळ घरांतून एखादी सून, लेक वा भाऊ स्वतःच शिक्षक आहे. म्हणून हा विषय शाळेच्या भिंतीआड ठेवण्याजोगा नाही.

एका गुरुजींची आठवण

आम्ही १९९३ साली सुरतेत शिक्षक म्हणून लागलो. दुसऱ्याच वर्षी, १९९४ च्या सप्टेंबरात, शहरात प्लेगची साथ उठली. पहिले रुग्ण ज्या वेड रोड भागात आढळले, तो आमच्या कतारगामला लागूनच आहे. दोन-चार दिवसांत लाखो माणसे गाड्या भरभरून गावी निघून गेली. शाळा बंद झाल्या. पुढे त्या उघडल्या तेव्हा आमच्या पटावर नावे होती आणि बाकांवर मुले नव्हती. जी परत आली ती भेदरलेली. कोणी वर्गात बोलेना, कोणी घरी जाण्यासाठी रडत बसे. अशा वर्गाचे काय करावे, हे आम्हांस कोणत्याही अध्यापन वर्गात शिकविलेले नव्हते.

त्या वेळी शाळेतील एक ज्येष्ठ गुरुजी आमच्या मदतीस आले. ते आपल्या वर्गास लेखन नेमून देत आणि अर्धा तास आमच्या वर्गात, मागच्या बाकावर, मुलांत बसत. काही बोलत नसत. संध्याकाळी तापीच्या काठाने घरी जाताना मात्र एकच गोष्ट सांगत: "आज तू तिसऱ्या रांगेकडे पाहिलेच नाहीस," किंवा "आवाज चढवलास तेव्हा मुले अधिक गप्प झाली, ते ध्यानात आले का?" वर्षभर हे चालले. आमच्या हाती पदविका होती. परंतु शिक्षक आम्ही त्या वर्षी झालो.

पुढे अनेक वर्षांनी आम्ही मुख्याध्यापक झालो. गुरुजी तेव्हा निवृत्तीच्या अलीकडे होते. हळूहळू तक्रारी येऊ लागल्या. गुरुजी खुर्चीवरून उठत नाहीत, पुस्तकातील उतारा मुलांकडून पुनःपुन्हा उतरवून घेतात, पालकांशी तुटक बोलतात. तपासणीत त्यांच्या वर्गावर शेरा आला. आम्ही काय केले? नियमाप्रमाणे लेखी खुलासा मागविला. गुरुजींनी खुलासा दिला नाही, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. निरोपाच्या दिवशी नारळ हाती घेताना ते आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "तुझे नियमात काही चुकले नाही. पण कागद पाठवण्याआधी एकदा माझ्या वर्गात मागे येऊन बसला असतास, तर बरे झाले असते."

ज्यांनी आमच्या वर्गात मागे बसून आम्हांस शिक्षक केले, त्यांच्या वर्गात आम्ही गेलो तो केवळ शेऱ्याची वही घेऊन. ही चूक आमची आहे आणि ती आम्ही येथे कबूल करतो.

हा आळस नव्हे

गुरुजींना आणि त्या तरुण बाईंना जे झाले, त्यास पाश्चात्त्य देशांत 'बर्नआउट' असे नाव आहे. न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेवर प्रथम लिहिले. गोरगरिबांसाठी चालविलेल्या मोफत दवाखान्यातील कार्यकर्ते त्यांच्या पाहण्यात होते. जे अधिक जीव ओतून काम करीत तेच काही काळाने कोरडे पडत, असे त्यांना दिसले. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन या विदुषींनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तिची तीन लक्षणे सांगितली. पहिले, मन रिते होणे. रात्रभर झोप घेऊनही शीण न जाणे. दुसरे, ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्या माणसांविषयी मन बधिर होणे. तिसरे, आपल्या हातून काही चांगले घडते आहे हा विश्वास नाहीसा होणे. बाईंनी त्या मुलीचा हात झटकला आणि त्यांना काही वाटले नाही, हे दुसरे लक्षण होय. गुरुजी उतारे उतरवून घेत होते, हे तिसरे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली. त्या नोंदीत एक महत्त्वाचा विवेक आहे. संघटना तीस रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळला गेल्याने उद्भवणारी स्थिती म्हणते. म्हणजे दोष माणसाच्या मनगटात शोधण्याआधी कामाच्या रचनेत शोधला पाहिजे.

मराठीत या अवस्थेस आम्ही 'करपणे' म्हणतो. तव्यावरची भाकरी करपते ती पिठाच्या दोषाने नव्हे. आच मोठी असते आणि वेळेवर उलटणारा हात नसतो, म्हणून ती करपते. समईचेही तसेच. जोवर तेल आहे तोवर तेल जळते आणि वात उजेड देते. तेल सरले की वात स्वतःच जळू लागते. तेव्हा उजेड थोडा आणि धूर फार. घरातील जाणती बाई वातीस बोल लावीत नाही. ती उठून तेल घालते.

आमच्या शाळेतील आच

ही आच कशाची, हे सुरतेबाहेरच्या वाचकांस थोडे सांगावयास हवे. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून येथे पोटासाठी माणसे येतात, त्याचा हा पुरावा. कतारगाम हा हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्यांचा भाग. घंट्यांवर बसणारे कारागीर बहुसंख्य सौराष्ट्रातले; परंतु कापडाच्या आणि भरतकामाच्या कारखान्यांतून आमचे खानदेशी बांधवही आहेत. तापी खोऱ्यातील रेल्वेने जळगाव, अमळनेर, नंदुरबार येथून ते पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले.

त्यांची मुले आमच्या शाळेत येतात. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, मोबाइलवर हिंदी आणि पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी, अशा चार भाषांतून ती दिवसभर वावरतात. पहिलीच्या वर्गातील मूल "बाई, माले तीस लागनी" म्हणते, तेव्हा त्याला तहान लागली आहे हे पुणेरी पुस्तकावर शिकलेल्या शिक्षिकेस कळत नाही. मुलास वाटते बाई पाणी पिऊ देत नाहीत. बाईंस वाटते मूल उगाच कुरकुरते. दिवसातून असे पन्नास प्रसंग घडले की दोघेही थकतात. अखाजी जवळ आली, लग्नसराई सुरू झाली, की अर्धा वर्ग खानदेशात. परत आला की मागचे सारे पुन्हा शिकवावयाचे.

त्याखेरीज कागद. परिपत्रके गुजरातीत, वर्ग मराठीत, ऑनलाइन माहिती इंग्रजीत. मतदार यादीचे काम, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांची बँक खाती, आधारच्या दुरुस्त्या, दुपारच्या जेवणाचा हिशेब. ऑगस्ट २००६ च्या महापुरात शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, २०२० साली करोना आला. त्या वेळी शिक्षक घरोघर फिरले आणि त्याचा आम्हांस अभिमानच आहे. संकटाचे काम कोणी नाकारीत नाही. रोजचे बारीक ओझे मात्र माणसाला वाकविते, कारण त्याच्या शेवटी कोणी "झाले" असे म्हणत नाही.

हिरा आणि मूल

आमच्या शाळेच्या मागील गल्लीत हिऱ्यांचे कारखाने आहेत. तेथे नवा पोरगा कामाला लागतो, तेव्हा त्याला पहिल्या दिवशी किमती हिरा कोणी देत नाही. तो जाणत्या कारागिराशेजारी बसतो. डोळ्याला भिंग लावून पाहतो, हलका माल हाती घेतो, चुकतो, शेजारचा हात धरून दाखवितो. महिने जातात. माल बिघडला तर शेठचे नुकसान होईल, हे सर्वांस कळते.

आमच्या धंद्यात काय होते? पदविका हाती पडली, निवड झाली, आणि सोमवारी सकाळी चाळीस मुलांचा वर्ग त्या नवशिक्याच्या हवाली. दार लोटून घेतले की आत तो एकटा. पुष्कळदा जो वर्ग कोणास नको असतो, तोच नव्या माणसाच्या वाट्यास येतो. हिरा बिघडू नये म्हणून जेवढी काळजी कतारगामात घेतली जाते, तेवढी मूल बिघडू नये, शिक्षक बिघडू नये म्हणून घेतली जात नाही.

अध्यापन विद्यालयात सराव पाठ असतात, हे खरे. आम्हीही ते घेतले आहेत. पाठाचे टाचण रंगीत शाईने लिहावयाचे, तक्ते रंगवावयाचे, फलकावर तारीख सुवाच्य काढावयाची आणि निरीक्षक मागे बसले असता पस्तीस मिनिटांत 'मूल्यमापन' गाठावयाचे. त्या दिवशी वर्गशिक्षकाने मुलांस आधीच दम भरलेला असतो. अशा पाठांतून पाठ घेणे येते, वर्ग सांभाळणे येत नाही. मूल का रडते, आपल्याला राग का येतो, घसा बसला तर काय करावे, पाठ फसला तर कोणाशी बोलावे, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तकात एखाद्या प्रकरणात असेल. अंगी बाणविले जात नाही. नवा शिक्षक पहिल्या सहा महिन्यांत फसतो, तसे फसणे साहजिकच आहे. पण फसणे हा शिकण्याचा भाग आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो समजतो की आपण नालायक आहोत. करपण्याची पहिली ठिणगी येथे पडते.

सुरतेचाच वारसा

ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. आणि विशेष असे की, तिचे धागे गुजरात आणि महाराष्ट्र यांना एकत्र बांधणारे आहेत.

सुरतेत दुर्गाराम मेहताजी नावाचे शिक्षक होते. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्या काळी येथील इंग्रजी शाळेत शिक्षक होते. या दोघांनी आणि त्यांच्या मित्रांनी १८४४ साली मानवधर्म सभा काढली. तिचा हेतू धर्मसुधारणेचा. पण शाळा सुटल्यावर एकत्र बसून मोकळेपणी विचार करणारी ती मुख्यतः शिक्षकांचीच मंडळी होती. दादोबा पुढे मुंबईस गेले आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासची जबाबदारी त्यांनी घेतली. सुरतेचेच कवी नर्मद हेही शिक्षक होते. रांदेर आणि नानपुरा येथील शाळांत त्यांनी शिकविले, आणि १८५८ साली मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीच्या आश्रयास गेले. साहित्याचा लाभ झाला; शाळेची मात्र हानी झाली असेलच.

त्याहून जवळचे उदाहरण ताराबाई मोडक यांचे. ताराबाई राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख होत्या. मानाची, पगाराची जागा. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले आणि त्याला जोडून शिक्षक घडविणारे अध्यापन मंदिरही चालविले. तेथे भावी शिक्षक मुलांतच वावरत, पाहत, करून पाहत आणि त्यावर बोलत. गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक पुष्कळांनी वाचले असेल. त्यातील शिक्षकाचा पहिलाच दिवस सपशेल फसतो. शांततेचा खेळ घ्यावयास जातो आणि वर्गात गोंधळ माजतो. तो घरी येतो, आपले काय चुकले याचा विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगावयास बसतो. शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचा आरंभ अपयशाने करणे, यातच मोठे शिक्षण आहे.

ताराबाईंनी १९२६ पासून नूतन बालशिक्षण संघाचे काम वाढविले; गुजराती 'शिक्षणपत्रिके'बरोबर पुढे मराठी 'शिक्षणपत्रिका'ही चालविली. १९४५ साली त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि आदिवासी मुलांत काम करू लागल्या. सुरतेहून मुंबईकडे जाताना घोलवड स्थानक लागते, तेथून कोसबाड हाकेच्या अंतरावर आहे. गरिबी, उपासमार, मुलांची गैरहजेरी, परकी भाषा हे सारे तेथे आमच्या शाळेपेक्षा किती तरी अधिक होते. तरी ताराबाई १९७३ मध्ये निवर्तेपर्यंत, आणि अनुताई १९९२ पर्यंत, कामात राहिल्या. त्या करपल्या नाहीत, याचे श्रेय केवळ त्यांच्या त्यागास देऊन मोकळे होणे आम्हांस पटत नाही. त्यागी माणसेच लवकर करपतात, हे फ्रॉइडेनबर्गर सांगून गेले. आमच्या मते या दोघींना तीन गोष्टी लाभल्या: एकमेकींची सोबत, रोजचा अनुभव लिहून त्यावर बोलण्याची सवय, आणि नव्या शिक्षिका घडविण्याचे काम. दुसऱ्यास शिकविताना माणूस स्वतःकडेही नव्याने पाहतो. तेल घालण्याची ही त्यांची रीत होती.

शिक्षकाच्या शिक्षणाने काय करावे

मग आजच्या अध्यापक शिक्षणाने काय करावे? अनुभवाने आम्हांस सुचते ते सांगतो.

पहिले वर्ष सोबतीचे असावे. जपानमध्ये १९८९ पासून प्राथमिक शाळेतील नव्या शिक्षकास पहिले वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकण्याची सोय कायद्याने केलेली आहे. स्कॉटलंडने २००२ पासून नव्या शिक्षकाचे पहिल्या वर्षीचे तास मुद्दाम कमी केले, म्हणजे उरलेल्या वेळात त्याने पाहावे आणि शिकावे. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाची आणि प्रत्येक शिक्षकास वर्षाकाठी पन्नास तासांच्या सेवांतर्गत शिक्षणाची अपेक्षा धरली आहे. त्या पन्नास तासांतील निम्मे तरी शेजारच्या वर्गात मागे बसण्यासाठी मिळावेत, अशी आमची नम्र सूचना आहे.

दुसरे, फसलेल्या पाठाची चर्चा शिकवावी. जपानी शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो घेतो, बाकीचे पाहतात, आणि नंतर पाठाची चिकित्सा होते, शिक्षकाची नव्हे. हा भेद लहान दिसतो, पण त्यामुळे माणूस उघडपणे बोलू धजतो.

तिसरे, गळा, पाठ आणि मन यांची निगा. गायकास गळ्याची साधना शिकवितात. दिवसाला पाच तास बोलणाऱ्या शिक्षकास पाणी केव्हा प्यावे, हेही कोणी सांगत नाही. राग येतो आहे हे ओळखणे आणि दोन मिनिटे वर्गास वाचन नेमून स्वतः शांत होणे, ही कलाही शिकविता येते.

चौथे, जेथे शिकवावयाचे तेथील बोलीची ओळख. आमच्या भागात नव्या शिक्षिकेस अहिराणीचे दोनशे शब्द आधी दिले असते, तर निम्मे भांडण मिटले असते.

पाचवे, ज्येष्ठांचेही शिक्षण व्हावे. पंधरा-वीस वर्षे झाल्यावर शिक्षकास नवा विषय, नवा वर्ग किंवा नव्यांस घडविण्याचे काम द्यावे. आमच्या गुरुजींना तसे काम दिले असते, तर कदाचित त्यांची शेवटची वर्षे निराळी गेली असती.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. वाईट प्रशिक्षण हे स्वतःच एक ओझे असते. सुटीच्या दिवशी पंख्याखाली दोनशे माणसांस बसवून पडद्यावरची अक्षरे वाचून दाखविली, सह्या घेतल्या, फोटो काढले, म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. आणि उत्तम प्रशिक्षणही रिकाम्या जागा भरू शकत नाही. शिक्षणहक्क कायद्याने, २००९ साली, जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकास देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. तो कायदा अक्षरशः पाळला जावा, ही मागणी वेगळी आणि तितकीच रास्त आहे. आच कमी करण्याचे काम शासनाचे. भाकरी वेळेवर उलटण्याचे काम मात्र आपण शाळेतील माणसेही करू शकतो.

शनिवारची बैठक

दिवाळीनंतर आम्ही त्या बाईंच्या वर्गात गेलो. त्यांची परवानगी घेऊन गेलो, वही न घेता, आणि मागच्या बाकावर बसलो. आठवडाभर रोज अर्धा तास. बाईंनाही दुसऱ्या एका अनुभवी बाईंच्या वर्गात बसावयास मोकळीक दिली. तो वेळ त्यांचा वर्ग आम्ही घेतला. मुख्याध्यापकास पुन्हा पहिलीच्या मुलांपुढे उभे राहावे लागले, तेव्हा आमचेही डोळे उघडले. एका मुलाने आम्हांस तासाभरात सात वेळा पाणी मागितले.

त्यानंतर आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर एक तासाची बैठक सुरू केली. नियम तीन. एकाने आपली एक अडचण सांगावयाची. इतरांनी आधी केवळ प्रश्न विचारावयाचे, उपदेश करावयाचा नाही. आणि बैठकीतील गोष्ट शेऱ्याच्या वहीत जाणार नाही. पहिले दोन शनिवार कोणी बोलले नाही; चहा पिऊन सारे घरी गेले. तिसऱ्या शनिवारी आम्हीच गुरुजींची हकीकत सांगितली. मग खोलीत जो स्तब्धपणा आला, त्यानंतर एक वयस्क शिक्षक म्हणाले, "मलाही दोन वर्षे झाली, सर. सकाळी उठवत नाही." त्या दिवशी बैठक तासाची दोन तास झाली.

फार मोठा चमत्कार घडला, असे आम्ही सांगणार नाही. एका शिक्षकाने बैठकीस येणे सोडले. कागदांचे ओझे तसूभर कमी झाले नाही. पण अहिराणी शब्दांची एक वही तयार झाली. तिच्यात मुलांच्या आयांनी भर घातली. मतदार यादीचे काम लागले तर त्या दिवसाचा वर्ग कोणी पाहावयाचा, हे आधीच ठरू लागले. आणि त्या बाई पुन्हा बालसभेत गाऊ लागल्या. त्यांचा अर्ज अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. आम्ही तो फाडू म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या, सर. तो तिथे आहे म्हणूनच मला बोलायला धीर येतो." आम्हांस हे उत्तर आवडले.

वाचकांस विनंती

बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळा एकामागून एक मिटत आहेत, याचे दुःख या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. शाळा मिटते ती पट कमी झाल्याने, हे खरे. पण पट कमी होण्याआधी पुष्कळदा आतील शिक्षक विझलेला असतो. मुलांस आणि पालकांस ते आमच्या आधी कळते.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. आपल्या गावच्या मराठी मंडळात निवृत्त शिक्षक असतील, तर त्यांनी महिन्यातून एक शनिवार जवळच्या शाळेस द्यावा. भाषण करण्यासाठी नव्हे, एखाद्या नव्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसण्यासाठी आणि नंतर त्याच्याशी बोलण्यासाठी. आणि पालकांनी वर्षातून एकदा तरी तक्रार नसताना शाळेत जावे. "आमच्या मुलास तुमची कविता पाठ झाली" एवढे वाक्य शिक्षकास किती दिवस पुरते, हे ते वाक्य ऐकलेल्यांसच ठाऊक.

आमचे गुरुजी आता हयात नाहीत. त्यांच्या वर्गात मागे बसणे आमच्याकडून राहून गेले. आपल्या ओळखीत असा कोणी शिक्षक असेल, तर दिवाळीची वाट न पाहता त्याला एकदा विचारा, कसे चालले आहे म्हणून. आणि विचारल्यावर, उत्तर ऐकावयास थोडे थांबा.